चेंबर गळतोय की वरून ओघळतंय?

पावसाळा संपला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. जून ते सप्टेंबर वायपर, ब्रेक आणि गाडीत येणारा कुबट वास, आणि मग एकदम गाडीखालचे काळे डाग, कारण तोवर पाऊस ते धुऊन नेत असतो, आता फरशी कोरडी झाली की दिसायला लागतात. या वेळी ऑइलच्या गळतीवरचे चार प्रश्न एकत्र घेतलेत. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारा पॅन, आणि पॅकिंग म्हणजे सांध्यातून गळू नये म्हणून मध्ये घालतात तो थर. पहिल्याला उत्तर लांबलंय, बाकीच्यांनी राग मानू नये, त्यांचंही अर्धं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न : काका नमस्कार. माझ्याकडे २००९ची पेट्रोल हॅचबॅक आहे, बाबांची होती, आता मी वापरते, १ लाख १० हजार किलोमीटर झालेत. गेले तीन महिने पार्किंगमध्ये ऑइलचे डाग पडतायत, सोसायटीने नुकतेच पेव्हर ब्लॉक टाकलेत त्यामुळे सेक्रेटरींनी ग्रुपवर दोनदा फोटो टाकला, गाडीचा नंबर नीट दिसेल असा. गॅरेजवाले म्हणतात चेंबरचं पॅकिंग गेलंय, गाडी दिवसभर ठेवावी लागेल. ऑइल आणि फिल्टर मी घरीच बदलते, तीनदा केलंय. हे पण घरी जमेल का? बाबा म्हणतात नसत्या भानगडीत पडू नकोस. — एक वाचक, नाशिक

उत्तर : काका म्हटलंस म्हणून सरळ तू म्हणतो. ऑइल-फिल्टर स्वतः बदलतेस म्हणजे अर्धी भीती गेलेलीच आहे, काम जमेल. पण पॅकिंग आणायला लगेच पळू नकोस, कारण 'चेंबरचं पॅकिंग गेलंय' म्हणून माझ्यासमोर जेवढ्या गाड्या आल्या त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा चेंबर बिचारा निर्दोष निघालाय. चेंबर इंजिनाच्या तळाशी असतो ना, वर कुठेही पाझरलं तरी ते ओघळत ओघळत चेंबरच्या कडेवर येऊन थांबतं आणि थेंब तिथून पडतो. वर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग आहे, बाजूला ऑइल प्रेशरचा स्विच आहे, फिल्टरचं रबर आहे, क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, दोन्ही टोकांना ऑइल सील आहेत, आणि तू स्वतः ऑइल बदलतेस म्हणून हळूच विचारतो, ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवीन घालतेस का? त्यात गाडी पळताना वारा ऑइलला मागे ढकलतो, म्हणजे गळतं एकीकडे आणि ओलं दिसतं भलतीकडे.

तर एक शनिवार फक्त शोधण्यात घालव. इंजिन गार असताना डिग्रीझर आणि जुना ब्रश घेऊन टॅपेट कव्हरपासून चेंबरपर्यंत सगळं स्वच्छ कर, पूर्ण वाळू दे, आणि मग घरातली साधी टाल्कम पावडर चेंबरच्या कडेला, फिल्टरभोवती आणि वरच्या कव्हरखाली भुरभुरव. दहा-पंधरा किलोमीटर गाडी फिरवून आण, बॅटरी मारून बघ. पांढऱ्या पावडरीवर ऑइलची रेघ ओढल्यासारखी दिसते, त्या रेघेचं वरचं टोक सापडलं की चोर सापडला. टोक टॅपेट कव्हरला निघालं तर आनंद कर, ते काम वरून, उभ्या-उभ्या, अर्ध्या दिवसात होतं आणि हे सगळं पुढचं वाचायची गरजच नाही.

आणखी एक गोष्ट, जी गॅरेजमध्ये फारसं कोणी बघत नाही आणि माझं म्हणणं आहे की हीच पहिली बघावी. इंजिनाला ब्रीदर असतो, पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणतात. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस खाली चेंबरमध्ये उतरतोच, तो याच वाटेने परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जायच्या वाटेत, ओढला जातो. हा व्हॉल्व्ह किंवा त्याचा पाइप चिकट्याने चोंदला की गॅसला जायला वाट उरत नाही, आत दाब वाढतो आणि मग जे पॅकिंग सगळ्यात कमजोर असेल तिथून ऑइल बाहेर ढकललं जातं. अशा गाडीला नवीन पॅकिंग घालून काय होणार, सहा महिन्यांत परत तेच. इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता चालू, ठेवून ऑइल भरायचं झाकण हळूच उघड, तिथून जोरात फुसफुस येत असेल तर आधी ब्रीदरचा पाइप आणि व्हॉल्व्ह साफ कर नाहीतर बदल. बदलूनही फुसफुस तशीच असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, मग चेंबरच्या मागे लागण्यात फार अर्थ नाही.

समजा खरंच चेंबरच निघाला. आता खाली डोकावून दोन गोष्टी बघ. एक, सायलेन्सरचा पुढचा पाइप चेंबरच्या खालून आडवा जातो का? जात असेल तर तो सोडवावा लागणार, आणि पंधरा वर्षं तापून-भिजून गंजलेले ते नट सुटतील याची गॅरंटी मी काय कोणीच देणार नाही, आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेव. दोन, चेंबर खाली यायला जागा आहे का, की खालची आडवी बीम आडवी येतेय? काही गाड्यांना चेंबर काढायला इंजिन वर टांगावं लागतं. तसं असेल तर बाबांचं ऐक आणि गॅरेजला दे, यात कमीपणा काही नाही.

स्पेअरच्या दुकानात गाडीचा चासी नंबर सांगून विचार की या इंजिनाला कापलेलं पॅकिंग येतं की नुसतं सीलंट. आजकालच्या बऱ्याच इंजिनांना पॅकिंग नावाची वस्तूच नसते, कंपनीतूनच सिलिकॉनची रेघ मारून चेंबर चिकटवलेला असतो आणि मग लोक दुकानात जाऊन पॅकिंगसाठी भांडत बसतात.

आता गाडी उचलणं, आणि इथे मी जरा खडूस होणार आहे. गाडीसोबत मिळतो तो जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो, त्याच्या भरवशावर अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली न्यायचा नाही, हातसुद्धा नाही. विटा नाहीत, सिमेंटचे पोकळ ब्लॉक तर अजिबात नाहीत, ते वजनाने चेपत नाहीत, एकदम फुटतात. दोन चांगल्या घोड्या, म्हणजे गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड, घे किंवा एखाद्या ओळखीच्या गॅरेजमधून दिवसापुरत्या आण. सपाट पक्की जमीन, हँडब्रेक, मागच्या चाकांना लाकडी ओंडके, घोड्या मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच. मग खाली शिरण्याआधी गाडीला खांद्याने दोन-तीन चांगले धक्के मार, हलली-पडली तर तू बाहेर असताना पडू दे. काम चालू असताना घरात कोणालातरी सांगून ठेव की मी खाली आहे.

ऑइल कोमट असताना काढ, कडक गरम नको. ड्रेनमधून धार थांबली म्हणजे संपलं असं नाही, वाटीभर तळाशी राहतंच आणि चेंबर तिरका झाला की ते नेमकं कोपरावर येतं, मला सवयीने माहीत असूनही दर वेळी येतं. मग बोल्ट. हे सहा एमएमचे छोटे बोल्ट असतात, दहाची गोटी (सॉकेट) लागते, आणि सगळे एका लांबीचे असतीलच असं नाही. म्हणून एका पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार पेनने काढ आणि जो बोल्ट जिथून काढलास तो पुठ्ठ्यावर तिथेच खोचून ठेव. डब्यात एकत्र टाकलेस आणि आखूड जागी लांब बोल्ट गेला की तो भोकाच्या तळाला टेकतो, आपल्याला वाटतं बसला आणि चेंबर मात्र सैलच. चारही कोपऱ्यांचे बोल्ट शेवटी काढ, तेही आधी नुसते ढिले कर.

सगळे बोल्ट निघाले तरी चेंबर हलत नाही, हे नॉर्मल आहे. स्क्रूड्रायव्हर घालून उचकायचा मोह होतो, तो आवर. वरचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, ॲल्युमिनियमचा असेल तर एक ओरखडा पुरतो आणि मग त्या ओरखड्यातून आयुष्यभर गळतं. पुट्टी लावायची पातळ पात घेऊन फटीत हळूहळू ठोकत पुढे सरकव, मधूनमधून रबरी हातोडीने बाजूने टकटक. सुटेल.

खाली आल्यावर आत काय आहे ते बघायची संधी वाया घालवू नकोस. तळाशी काळा गाळ असणारच, बोटावर घेऊन उन्हात धर. चमचमणारे कण दिसले तर बेअरिंग झिजतंय, ती वेगळी आणि जास्त मोठी गोष्ट. वर इंजिनाला ऑइल ओढायची जाळी लटकलेली दिसेल, तिच्यात जुन्या सिलिकॉनचे तुकडे अडकलेले असतील तर चिमट्याने काढ, आधी कोणीतरी हात सढळ ठेवून सीलंट लावलं होतं त्याची ती पावती.

आता खरं काम, आणि ते कंटाळवाणं आहे. जुनं पॅकिंग खरवडणं. प्लॅस्टिकची किंवा पितळेची पट्टी घे, आणि ब्लॉकची कड नखाने चाचपून गुळगुळीत लागेपर्यंत सोडू नकोस. ड्रिलला लावायच्या घासायच्या चकत्या इथे वापरू नकोस, पॉलिश पेपरपण ब्लॉकवर नको, कारण त्याची बारीक खर वर क्रँकच्या बेअरिंगमध्ये गेली तर ती तिथे पॉलिशच करत बसते. चेंबर पत्र्याचा असेल तर त्याची कड एका सपाट ग्रॅनाइटच्या तुकड्यावर पालथी ठेवून बघ. बोल्टच्या भोकांभोवती पत्रा फुगून वर आलेला दिसेल, डोसा मध्ये फुगतो तसा. हा मागच्या मेकॅनिकच्या ताकदीचा पुरावा. बोल्ट जेवढा जास्त आवळला तेवढी भोकाजवळची कड दबते आणि दोन बोल्टच्या मधली कड उचलली जाते, म्हणजे गळती थांबवायला आवळायचं आणि आवळल्यामुळेच गळायचं. खाली लाकडाचा ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकून ती कड सपाट कर, परत ग्रॅनाइटवर ठेव, बॅटरीचा उजेड खालून येतो का बघ. हे न करता नवीन पॅकिंग घालणं म्हणजे वाकड्या भांड्यावर नवीन झाकण ठेवण्यासारखं आहे.

रबराचं पॅकिंग असेल तर ते कोरडंच लावायचं. आपल्याकडे दोन्ही बाजूंना सीलंट थापायची भारी हौस आहे, पण ओलं सीलंट म्हणजे साबण, आवळताना रबर त्यावरून सरकतं आणि एखाद्या कोपऱ्यात लोळ्या होऊन बाहेर येतं. फक्त जिथे ब्लॉक आणि टायमिंग कव्हर किंवा मागच्या सीलचं कव्हर एकत्र येतात त्या सांध्यांवर हरभऱ्याएवढा ठिपका. पॅकिंग खाली घसरू नये म्हणून चार भोकांतून पातळ शिवणाचा दोरा घालून ते चेंबरला बांध, थोडे बोल्ट हाताने लागले की दोरा कापून ओढून काढायचा, एकपण तुकडा आत राहता कामा नये.

नुसतं सीलंटच असेल तर ते ऑइलला टिकणारं, इंजिनसाठीचं घे. खिडकीच्या काचेला लावतात ते नाही, ऑइल त्याला खाऊन टाकतं. नळी उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास मारत असेल तर तेही नको, त्या आम्लाने धातू गंजतो आणि अशा सीलंटच्या वाफांनी सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर खराब होऊ शकतो, नळीवर सेन्सर सेफ लिहिलेलं बघून घे. दोन्ही कडा ब्रेक क्लीनरने पुसून घे, आणि हे अगदी लावायच्या मिनिटाला कर कारण ब्लॉकमधून थेंब थेंब तासन् तास येत राहतं, एक थेंब कडेवर आला की तेवढ्या जागी सीलंट धरणार नाही. रेघ साधारण ३ मिलिमीटर जाड, अखंड, आणि बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जास्त लावलंस तर बाहेर जेवढं ओघळलेलं दिसतं तेवढंच आतही ओघळतं, ते वाळून तुटतं आणि त्या जाळीवर जाऊन बसतं, मग ऑइल प्रेशर पडतं आणि इंजिन जाम. गळणारं इंजिन चालतं गं, उपाशी इंजिन चालत नाही. रेघ मारली की पाच-दहा मिनिटांत चेंबर वर बसवायचा, मध्ये फोन घ्यायचा नाही.

सगळे बोल्ट आधी बोटांनी लाव. मग मधून सुरुवात करून एकदा इकडे एकदा तिकडे करत टोकांकडे जा, एका फेरीत पूर्ण नाही, दोन-तीन फेऱ्यांत. टॉर्क, म्हणजे किती जोराने आवळायचं ते, मॅन्युअलमध्ये बघ, बहुतेक गाड्यांत या बोल्टला ८ ते १२ न्यूटन मीटरच्या आसपास असतो. ऐकायला काही वाटत नाही म्हणून सांगतो, १५ सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला सात किलोपेक्षाही थोडा कमी जोर म्हणजे १० न्यूटन मीटर. टॉर्क रेंच नसेल तर छोटा रॅचेट घे आणि मुठीने नाही तर डोक्याजवळ दोन-तीन बोटांनी धरून आवळ, हात आपोआप हलका राहतो.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी आयटीआयमधून नुकता बाहेर पडलो होतो, आते-मामांच्या गाड्या फुकटात दुरुस्त करायचा उत्साह होता. शेवटचा बोल्ट, गळायला नको म्हणून 'अजून थोडंसं', आणि हाताला एकदम लोणी कापल्यासारखं लागलं. बोल्ट तुटताना आवाज येतो असं लोकांना वाटतं, नाही येत, पाना फक्त अचानक सोपा होतो. अर्धा बोल्ट माझ्या गोटीत आणि अर्धा ब्लॉकमध्ये. तो आतला अर्धा काढायला उलट्या आट्यांचं ड्रिल घेऊन गाडीखाली उताणा पडून सहा तास लागले, डोळ्यात खर, तोंडावर ऑइल, आणि वरून मामा दर अर्ध्या तासाने विचारायचे, झालं का रे. त्या दिवसापासून माझा हात हलका झालाय.

ड्रेन बोल्टला नवीन वॉशर, नवीन फिल्टर. सीलंट लावलं असेल तर नळीवर लिहिलेला वेळ पाळ, बऱ्याच सीलंटना पूर्ण पक्कं व्हायला २४ तास लागतात, म्हणून रविवारी काम आणि सोमवारी ऑफिसला रिक्षाने असा बेत कर. मग मॅन्युअलमध्ये सांगितलंय त्याच ग्रेडचं आणि तेवढंच ऑइल. जुनी गाडी आहे, गळतेय, घट्ट ऑइल टाका असं कोणी सांगेल, नको. चालू केल्यावर ऑइलचा दिवा दोन-चार सेकंदांत विझला पाहिजे, नाही विझला तर लगेच बंद. पाच मिनिटांनी इंजिन बंद करून ऑइल खाली उतरू दे आणि मग ऑइल मोजायची पट्टी बघ. दोन दिवस गाडीखाली पुठ्ठा ठेव, त्यावर पुढच्या चाकाची खूण कर म्हणजे थेंब पडलाच तर तो कुठल्या जागेखाली पडला ते कळेल. पडलेला थेंब लालसर असेल तर तो स्टिअरिंगचा किंवा गिअरचा, स्वच्छ पाणी असेल तर एसीचं, उगीच घाबरू नकोस.

काढलेलं ऑइल गटारात किंवा सोसायटीच्या मागच्या झाडांना नाही, २०१६च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे. नवीन ऑइलच्याच कॅनमध्ये भरून एखाद्या गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या ड्रममध्ये ओतून ये. पेव्हर ब्लॉकवरच्या जुन्या डागावर लाकडाचा भुसा नाहीतर मांजराची वाळू टाकून बुटाने रगड, रात्रभर ठेव, मग साबण आणि ताठ ब्रश. आणि मग तूच त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाक.

प्रश्न : घाटातल्या खराब रस्त्यावर दगड लागून चेंबरला चीर गेली. तिथल्या एका मेकॅनिकने एम-सील लावून दिलं, घरी पोचलो, आता महिना झाला गळत नाहीये. तसंच ठेवलं तर चालेल का? — एक वाचक, सातारा

उत्तर : घरी पोचवलं म्हणजे एम-सीलने आपलं काम केलं, आता त्याला रिटायर करा. इंजिन रोज तापतं-गार होतं, खालून दगड लागतात, एक दिवस तो लपका पडेल आणि तो दिवस तुम्ही निवडणार नाही. पण गळतीपेक्षा मला दुसरीच काळजी वाटतेय, चिरेबरोबर चेंबर आत चेपलाय का? ऑइल ओढायची जाळी चेंबरच्या तळापासून अगदी थोड्या अंतरावर असते, तळ वर दबला की जाळीचं तोंड बुजतं, पट्टीवर ऑइल पूर्ण दिसतं आणि इंजिनाला मात्र पुरेसं पोचत नाही. त्यामुळे चेंबर काढायचाच. पत्र्याचा असेल तर ठोकून सरळ करून वेल्डिंग होतं, ॲल्युमिनियमचा असेल तर आर्गॉन वेल्डिंगवाला शोधा, पण त्याच्याकडे नेण्याआधी आतबाहेर अगदी स्वच्छ धुवा, तेलकट धातूवर वेल्डिंग धरत नाही आणि आतल्या वाफा पेट घेऊ शकतात. वेल्डिंगच्या उष्णतेने कड वाकते, ती सपाट झालीये ना बघून घ्या, नाहीतर चीर बुजली आणि पॅकिंगमधून सुरू. नवीन चेंबर परवडत असेल तर मी नवीनच घेईन.

आणि पुढच्या वेळी खाली 'ठक्' झालं आणि लाल ऑइलचा दिवा लागला तर जिथे आहात तिथेच इंजिन बंद. पुढच्या धाब्यापर्यंत नाही, वळणापर्यंतही नाही.

प्रश्न : मी टोरांटोजवळ राहतो. माझ्या बारा वर्षं जुन्या गाडीचा ऑइल पॅन गंजून ओला दिसतोय. इथे लेबर खूप महाग आहे. गळती थांबवायची बाटली ऑइलमध्ये टाकून एक हिवाळा काढता येईल का? — एक वाचक, कॅनडा

उत्तर : आपल्याकडे चेंबर दगडाने जातो, तुमच्याकडे मिठाने. रस्त्यावर बर्फासाठी टाकतात ते मीठ पत्र्याला खातं. त्या बाटल्यांमधलं औषध रबराला थोडं फुगवतं आणि मऊ करतं, त्यामुळे कडक झालेल्या क्रँक सीलची बारीक पाझर कधीकधी कमी होते, पण पत्र्याला पडलेलं भोक रबर नाहीये, ते काय फुगणार. पॅनच बदला. एक सल्ला, नवा पॅन हातात येईपर्यंत जुन्याला स्क्रूड्रायव्हरने टोचून 'किती गंजलाय' ते तपासू नका, गंजाच्या पापुद्र्यानेच तो धरून ठेवलेला असतो. नव्याला बसवण्याआधी बाहेरून चांगला रंगाचा हात द्या, कडेचा भाग सोडून. आणि सीलंट वापरणार असाल तर हे काम थंडी पडायच्या आत उरका, कारण ही सीलंटं हवेतल्या दमटपणावर पक्की होतात, थंड आणि कोरड्या हवेत त्यांना नळीवर लिहिलंय त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. आमच्या मुंबईला जुलैमध्ये हा प्रॉब्लेम नसतो.

प्रश्न : घरची प्रीमियर पद्मिनी आहे, आजोबांनी घेतलेली, रविवारी मरीन ड्राइव्हपर्यंत फिरवून आणतो. चेंबरचं कॉर्कचं पॅकिंग सुकून तुकडे पडलेत. टॅक्सीवाल्या पद्मिनी २०२३ला बंद झाल्यापासून सुट्या भागांची वणवण झालीये, एकाने जुनं पडून राहिलेलं पॅकिंग दिलं तर ते अर्धा इंच आखूड भरतंय. शीट आणून घरी कापता येईल का? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : तुमच्या पत्राने सकाळ चांगली गेली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली गाडी अजून गिरगावात फिरतेय म्हणजे काय.

आधी ते आखूड पॅकिंग फेकू नका. कॉर्क म्हणजे झाडाची साल, वर्षानुवर्षं कपाटात राहिली की सुकून आकसते. परातीत कोमट पाणी घेऊन त्यात ते सपाट बुडवून ठेवा, थोड्या वेळाने चेंबरवर लावून बघा, बऱ्याचदा भोकं बरोबर जुळतात. मग लगेच कपड्याने टिपून बसवा, परत सुकू देऊ नका. मात्र वाकवल्यावर मोडत असेल तर ते मेलेलं आहे.

नवीन कापायचं तर रबर मिसळलेली कॉर्क शीट मागा, नुसत्या कॉर्कपेक्षा ती जास्त टिकते. जाडी जुन्या तुकड्यावर मोजून तेवढीच. कात्रीने कापू नका. चेंबर स्वच्छ करून पालथा न ठेवता तोंड वर करून ठेवा, शीट त्यावर पसरा, आणि गोल डोक्याच्या हातोडीने एका बोल्टच्या भोकावर हलके टिचके मारा. भोकाची धारच शीटला आतून कापते आणि छोटी गोल टिकली खाली पडते. त्या भोकात लगेच बोल्ट घालून शीट अडकवा, मग समोरासमोरची आणखी तीन भोकं तशीच, म्हणजे शीट हलायची बंद. उरलेली भोकं झाली की आतल्या आणि बाहेरच्या कडेने टिचके मारत फिरा, जोर नको, मनगटाने. घाई केलीत की शीट कडेला फाटते, तुमची पहिली फाटणारच आहे, म्हणून एकाच्या जागी दोन शीट आणा. शेवटी सगळ्या टिकल्या मोजा आणि भोकं मोजा, चेंबरच्या आत एकही राहायला नको.

बसवल्यावर कॉर्क दबतं, त्यामुळे आठवड्याभराने बोल्ट एकदा हलकेच चाचपा, ढिले असतील तेवढेच पाव फेरा. सिलिकॉन लावलेल्या चेंबरला मात्र असं परत आवळायचं नसतं, त्याची धरलेली पकड सुटते, हे नाशिकच्या पहिल्या पत्रात लिहायचं राहिलं.